प्रत्येक शाळेला एक अंधारी खोली हवी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे नाव महाराष्ट्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेथील नागनाथाची गणना ज्योतिर्लिंगांमध्ये होते. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते याच देवळात, असे परंपरा सांगते. अलीकडे मात्र हे नाव जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांच्याही तोंडी आले आहे. औंढ्याजवळ दुधाळा गावाच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः संमती दिली ती १७ फेब्रुवारी २०१६ रोजी. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा अशा चौघांनी हे काम हाती घेतले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या वेधशाळेत दुर्बीण नसेल. तेथे असेल तो प्रकाश, आणि प्रकाशाच्या दोन झोतांना एकत्र आणून त्यांच्यातील फरक वाचण्याची कला. या क्रियेला व्यतिकरण म्हणतात. आपल्या अभ्यासक्रमात व्यतिकरण नीट भेटते ते बारावीच्या विज्ञान शाखेत. दहावीनंतर जो विद्यार्थी दुसऱ्या शाखेकडे वळतो, आयटीआयला जातो किंवा शेतीत लागतो, त्याला ते भेटतच नाही. म्हणजे जगातील सर्वांत नाजूक व्यतिकरणमापकांपैकी एक ज्या जिल्ह्यात बसावयाचा, त्याच जिल्ह्यातील कितीतरी मुलेमुली व्यतिकरणाची एकही पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी न पाहता शाळा सोडणार!

मला हे पटत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : हिंगोली जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेत एक अंधारी खोली असावी, आणि नववीतील प्रत्येक विद्यार्थ्याने तिच्यात जाऊन प्रकाशाचे एक तरी मोजमाप स्वतः करावे. हे म्हणणे का मांडतो, ते कळण्यासाठी प्रथम होलोग्राफी नावाच्या विद्येकडे जाऊ. लायगोची ती जणू चुलत बहीण आहे, आणि कमी उजेडात काम कसे करावे याचा उत्तम धडा तिच्याकडून मिळतो.

फोटोत काय हरवते?

एका पितळी तांब्यामागे एक वाटी अर्धवट झाकलेली ठेवा आणि दोन्हींचा फोटो काढा. प्रत्यक्षात पाहताना तुम्ही मान थोडी बाजूला केली की वाटीचा झाकलेला भाग दिसू लागतो. फोटोकडे पाहताना मात्र मान कितीही हलवा, वाटी झाकलेलीच राहते. असे का व्हावे?

प्रकाश हा तरंग आहे. तरंगाबद्दल दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, तो किती उंच आहे. दोन, विशिष्ट क्षणी तो चढावर आहे की उतारावर. या दुसऱ्या गोष्टीला तरंगाची कला म्हणतात. वस्तूच्या निरनिराळ्या बिंदूंपासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याने किती अंतर तोडले, कोणत्या दिशेने तो आला, ही सारी हकिकत कलेमध्ये साठवलेली असते. फोटोची फिल्म काय किंवा मोबाइलचा कॅमेरा काय, दोघांनाही फक्त प्रकाश किती पडला एवढेच कळते. कलेची नोंद होत नाही. खोली हरवते ती येथे.

१९४७ साली इंग्लंडमधील रग्बी गावी काम करणाऱ्या डेनिस गाबोर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाला यावर एक युक्ती सुचली. त्याला सुधारावयाचा होता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. त्याने विचार केला, कला एकटी नोंदवता येत नसेल तर तिला सोबत देऊ. वस्तूकडून येणाऱ्या तरंगात दुसरा एक सरळसाधा, ओळखीचा तरंग मिसळला तर काय होईल? जेथे दोघांचे चढ जुळतील तेथे प्रकाश वाढेल. जेथे एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडेल तेथे अंधार होईल. विहिरीत एकाच वेळी दोन खडे टाकले की त्यांच्या लाटा मिसळून पाण्यावर जशी नक्षी उमटते, तशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी फिल्मवर उमटेल. फिल्मला कला कळत नाही, पण पट्ट्या कळतात. आणि पट्ट्यांत कला दडलेली आहे! अशा नोंदीला होलोग्राम म्हणतात. ग्रीक भाषेत होलोस म्हणजे संपूर्ण. या शोधाबद्दल गाबोरला १९७१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गाबोरची कल्पना चांगली होती, पण तिला हवा तसा शिस्तीचा प्रकाश त्या काळी नव्हता. १९६० साली लेसर आला आणि अडचण दूर झाली. १९६४ साली अमेरिकेतील मिशिगन येथे लीथ आणि उपात्निएक्स या दोघांनी एका खेळण्यातील आगगाडीचा होलोग्राम करून दाखवला. सोव्हिएत शास्त्रज्ञ देनिस्युक याने १९६२ च्या सुमारास वेगळी पद्धत काढली होती. तिच्यातील होलोग्राम साध्या पांढऱ्या उजेडातही पाहता येतो. आज बँकेच्या कार्डावर आणि औषधांच्या खोक्यांवर चमकणारी ठिकरी याच घराण्यातील.

अंकांचा होलोग्राम

फिल्मवरचा होलोग्राम पाहावयाचा तर तिच्यावर पुन्हा लेसरचा झोत टाकावा लागतो. मग वस्तू जणू हवेत उभी राहते. पण पट्ट्यांची नक्षी शेवटी काय असते? ठिकठिकाणी प्रकाश किती, याचे आकडे. ते आकडे गणकयंत्राला दिले तर दुसऱ्या झोताचे काम गणितच करू शकेल. १९६७ साली गुडमन आणि लॉरेन्स या दोघांनी हे खरोखरच केले. त्यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासारख्या नळीने नक्षी टिपली, तिची २५६ गुणिले २५६ घरे पाडली आणि प्रत्येक घराचा आकडा गणकयंत्राला दिला. १९९४ साली जर्मनीतील श्नार्स आणि युप्टनर यांनी फिल्म अजिबात न वापरता थेट विद्युत संवेदकावर होलोग्राम घेतला. हीच अंकीय होलोग्राफी.

फिल्म जाऊन संवेदक आला तेव्हा सोय झाली, तसे काही हातचे गेलेही. होलोग्राफीच्या उत्तम फिल्मवर एका मिलिमीटरमध्ये हजारो रेषा मावतात. संवेदकाचे एक घर ५ मायक्रोमीटर रुंद धरले तर एक काळी आणि एक पांढरी पट्टी ओळखण्यासाठी निदान दोन घरे, म्हणजे १० मायक्रोमीटर लागतात. मिलिमीटरला जेमतेम १०० पट्ट्या झाल्या. पट्ट्या इतक्या रुंद हव्या असतील तर दोन्ही झोतांमधील कोन चार अंशांहूनही कमी ठेवावा लागतो. प्रत्येक साधनाची मर्यादा अशी आकड्यात सांगता आली पाहिजे. विज्ञानात ‘जमत नाही’ हे उत्तर पुरत नाही, ‘किती जमत नाही’ हे सांगावे लागते.

उजेड कमी पडला तर?

आता गंमतीचा भाग. वस्तूवर भरपूर प्रकाश टाकता येत नसेल तर होलोग्राम घेता येईल का? असा प्रसंग वारंवार येतो. जिवंत पेशी प्रखर प्रकाशाने इजा पावतात. डोळ्याच्या पडद्यावर हवा तितका प्रकाश टाकणे धोक्याचे असते. काही वस्तू इतक्या काळ्या किंवा इतक्या दूर असतात की त्यांच्याकडून परत येणारा प्रकाश अगदी क्षीण असतो.

सरळ उपाय म्हणजे जास्त वेळ थांबणे. रात्री फोटो काढताना आपण हेच करतो. १९०९ साली इंग्लंडमध्ये जी. आय. टेलर या तरुणाने हा उपाय टोकाला नेला. एका सुईच्या सावलीभोवतीच्या पट्ट्यांचा फोटो त्याने अत्यंत अंधुक प्रकाशात घेतला. तो प्रकाश मैलाहून थोड्या अधिक अंतरावरील मेणबत्तीइतका क्षीण होता. फोटोची काच त्याने सुमारे २,००० तास, म्हणजे जवळजवळ तीन महिने, उघडी ठेवली. पट्ट्या उमटल्या, आणि प्रखर प्रकाशातील पट्ट्यांइतक्याच स्पष्ट उमटल्या. आज आपण म्हणतो की प्रकाश फोटॉन नावाच्या कणांनी पोचतो आणि एवढ्या क्षीण प्रकाशात ते बहुधा एकेकटे येत असतात. तरीही नक्षी तीच! या एका प्रयोगावर पुढे पुष्कळ विचार झाला.

पण होलोग्राफीत फार वेळ थांबणे अवघड असते. लाल लेसरच्या प्रकाशात वस्तू झोताच्या दिशेने केवळ १६० नॅनोमीटर हलली, तरी परत येणाऱ्या प्रकाशाची वाट अर्ध्या तरंगाने बदलते. काळ्या पट्टीच्या जागी पांढरी येते आणि नक्षी पुसली जाते. १६० नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे चारशेवा भाग. बाहेरून ट्रॅक्टर गेला, कोणी दार लोटले, खोलीतील हवा थोडी तापली, की संपले. म्हणजे उजेड कमी म्हणून वेळ जास्त, आणि वेळ जास्त म्हणून कंप जास्त. या पेचातून सुटावयाचे कसे?

यासाठी आठवीत शिकलेले बीजगणित उपयोगी पडते. तरंग मिसळतात तेव्हा त्यांच्या उंचीची बेरीज होते, आणि प्रकाश किती दिसतो हे त्या बेरजेच्या वर्गावर ठरते. समजा, वस्तूकडून येणाऱ्या तरंगाची उंची १ आहे. एकट्याने तो संवेदकाच्या घरात १ चा वर्ग, म्हणजे १ एवढाच प्रकाश देईल. संवेदकाच्या स्वतःच्या खरखरीत तो कोठे हरवला ते कळणारही नाही. आता त्याच्या सोबतीला १०० उंचीचा संदर्भ-तरंग द्या. चढाला चढ जुळला तर १०१ चा वर्ग, १०,२०१. चढाला उतार मिळाला तर ९९ चा वर्ग, ९,८०१. एकट्या संदर्भ-तरंगाचा वर्ग १०,०००. म्हणजे ज्या तरंगाने एकट्याने जेमतेम १ चा फरक केला असता, त्याने सोबत मिळताच दोन्हीकडे सुमारे २०० चा फरक केला! (अ + ब)² च्या विस्तारातील ‘२अब’ हे मधले पद पाठ करताना ते एवढे मोठे काम करीत असेल असे वाटले होते का?

निसर्ग मात्र फुकट काही देत नाही. फोटॉन मोजताना एक अटळ अनिश्चितता येते. हिंगोलीतील शेतकऱ्याला ती वेगळ्या रूपात ठाऊक आहे. पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनची उगवण तपासताना तो १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. दहाच दाणे का घेत नाही? कारण दहातील सात उगवले तर तेच बियाणे पुढच्या खेपेला पाच किंवा नऊही दाखवील. मोजणी जितकी मोठी तितका भरवसा जास्त. फोटॉनांच्या बाबतीत हा नियम नेमका सांगता येतो : सरासरीने १०० फोटॉन येत असतील तर मोजणीत सुमारे १० चा चढउतार होतो, १०,००० येत असतील तर सुमारे १०० चा. चढउतार हा संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. पहिल्या बाबतीत अनिश्चितता शेकडा १०, दुसऱ्या बाबतीत शेकडा १.

आता वरचे आकडे फोटॉनांचे समजा. २०० चा फरक, आणि १०० चा नैसर्गिक चढउतार. खूण ओळखू येते, पण फार ठळक नाही. मग काय करावयाचे? एकच लांब नोंद घेण्याऐवजी पुष्कळ लहान लहान नोंदी घ्यावयाच्या. प्रत्येक नोंद इतकी झटपट, की तेवढ्यात वस्तू हलू नये. १९९७ साली जपानच्या यामागुची आणि झांग यांनी दाखविलेल्या रीतीने संदर्भ-तरंगाची कला प्रत्येक नोंदीला थोडी सरकवावयाची आणि साऱ्या नोंदी गणिताने जुळवावयाच्या. शंभर नोंदींची सरासरी काढली तर चढउतार दहापट कमी होतो. आजचे संवेदक तर एकेक फोटॉन मोजू शकतात. त्यामुळे डोळ्याला काळोख वाटेल अशा उजेडातही वस्तूचे तिन्ही मितींतील रूप उभे करता येते.

या साऱ्याचे सार मला असे दिसते. उजेड कमी असेल तर तीन गोष्टी जास्त लागतात : चांगली सोबत, स्थिरता आणि धीराने केलेली मोजणी. यांतील एकही गोष्ट बाजारात विकत मिळत नाही.

औंढ्याचा काळोख

लायगो होलोग्राम घेत नाही, हे आधी स्पष्ट करतो. तेथे कोणत्याही वस्तूचे चित्र उमटत नाही. पण तत्त्व तेच, दोन झोत भेटवावयाचे आणि फरक वाचावयाचा. एकमेकींशी काटकोनात असलेल्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचे झोत जातात, टोकाच्या आरशांवरून परत येतात आणि एकत्र मिळतात. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन वेधशाळांनी अशी पहिली लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्या लहरीने भुजांच्या लांबीत केलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता!

या वेधशाळेच्या भुजांमध्ये दोन लाख वॅटहून अधिक शक्तीचा प्रकाश खेळत असतो. पण ज्या जागी निकाल वाचावयाचा, तेथे दोन्ही झोत एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतील अशी योजना केलेली असते. म्हणजे शास्त्रज्ञ मुद्दाम अंधार राखतात आणि त्या अंधारात किंचित उजळते का याची वाट पाहतात. भरउजेडातील लहानसा बदल ओळखण्यापेक्षा अंधारातील लहानसा उजेड ओळखणे सोपे, नाही का? तेथेही फोटॉनांचा तोच वर्गमुळाचा चढउतार आडवा येतो. तो आवरण्यासाठी २०१९ पासून अमेरिकेतील वेधशाळांत प्रकाशाचा एक खास संस्कारित प्रकार वापरला जातो. या प्रकाशातील अनिश्चितता नको तेथून दाबून दुसरीकडे सरकवलेली असते.

स्थिरतेचे म्हणाल तर आरसे प्रत्येकी ४० किलोग्रॅम वजनाचे, आणि काचेच्या बारीक तंतूंना टांगलेले. त्यांवरही लंबकांचे आणखी मजले. हिंगोलीकरांना जमिनीचा हादरा म्हणजे काय ते १० जुलै २०२४ च्या सकाळी चांगलेच कळले. त्या धक्क्याची तीव्रता ४.५ होती. वेधशाळेला मात्र याहून लक्षावधी पट बारीक थरथरीशी रोज झुंजावे लागते. मालमोटारीची चाके, वारा, फार काय, दूरच्या समुद्राच्या लाटाही तिला जाणवतात. जागा निवडताना समुद्रापासून दूर, गजबजाटापासून दूर अशी शांत जमीन शोधली गेली ती यासाठीच. ज्या शांततेला आपण आजवर मागासलेपणा समजत आलो, ती विज्ञानाच्या बाजारात मोलाची ठरली!

आणि भारतातील वेधशाळेचे मोल काय? दोनच ठिकाणांहून लहर टिपली तर ती आकाशातून कोठून आली हे नीट सांगता येत नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक कान असला तर दिशा पुष्कळ नेमकी कळते. यामागील गणितात मराठी माणसाचाही वाटा आहे. आयुकातील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी सत्यप्रकाश यांनी खरखरीत बुडालेली खूण ओळखण्याच्या गणिती रीतींवर १९९० च्या दशकाच्या आरंभीच पायाभूत काम केले होते. तेव्हा या लहरी सापडतील यावर अनेकांचा विश्वास नव्हता.

आक्षेप आणि उत्तरे

आता माझ्या मागणीकडे वळू. ती ऐकल्यावर तीन आक्षेप येतील, हे मला दिसते आहे.

पहिला, ‘हे मुलांना कळणार नाही.’ पण साबणाच्या फुग्यावरचे रंग पाच वर्षांच्या मुलालाही दिसतात, आणि ते व्यतिकरणाचेच आहेत. पाहणे आधी आणि सूत्र मागून, हा क्रम निसर्गाचा आहे. आपण शाळेत तो उलटा केला आहे. वर्गमूळ, (अ + ब)² आणि प्रमाण या तिन्ही गोष्टी नववीपर्यंत येतात. वर मी केलेल्या हिशोबाला आणखी काही लागले का?

दुसरा, ‘साधने कोठून आणावयाची?’ या आक्षेपाला होलोग्राफीच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी होलोग्रामसाठी ग्रॅनाइटची किंवा पोलादाची अतिशय महाग टेबले लागत. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे लॉइड क्रॉस आणि त्याच्या सोबत्यांनी एक मोठी लाकडी पेटी वाळूने भरली, तिच्यात आरसे आणि भिंगे नळ्यांवर बसवून सरळ वाळूत खोचली. वाळूने कंप शोषले आणि होलोग्राम झाला. नंतर कितीतरी हौशी लोक अशी पेटी हवा भरलेल्या रबरी ट्यूबांवर ठेवून होलोग्राफी शिकले. वाळू, लाकडी खोके आणि जुन्या ट्यूबा हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव यांपैकी कोणत्या गावात मिळणार नाहीत? टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे हाच मार्ग दाखवला. मग माहागड्या पेट्या विकत घेऊन त्या कपाटात कुलूपबंद करण्याची घाई कशाला?

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. ‘परीक्षेत नाही, आणि शिक्षकांना वेळ नाही.’ ज्या शिक्षकांकडे चार वर्ग आणि कार्यालयाची कागदपत्रेही असतात, त्यांच्यावर आणखी ओझे टाकणे बरे नव्हे, हे खरे. म्हणून मी वर्षातून केवळ चार तासिका मागतो. मोठ्या संस्थांतील शास्त्रज्ञ शाळांत येऊन व्याख्याने देतात ही आनंदाची गोष्ट आहे. पण व्याख्यान ऐकून पोहता येत नाही. त्यांनी दरवेळी एक व्याख्यान कमी द्यावे आणि त्याऐवजी दहा शिक्षकांबरोबर एक दिवस अंधाऱ्या खोलीत काढावा, असे मी सुचवीन.

केसाची जाडी मोजा

अंधाऱ्या खोलीत नेमके काय करावयाचे? दोन प्रयोग सांगतो.

पहिल्याला वीजही लागत नाही. १८०३ साली टॉमस यंग याने खिडकीच्या झडपेतील बारीक छिद्रातून आरशाच्या साहाय्याने सूर्यप्रकाशाची शलाका खोलीत घेतली आणि तिच्यात इंचाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढी रुंद पुठ्ठ्याची पट्टी कडेवर धरली. पट्टीच्या सावलीत त्याला उजळ आणि काळ्या रेषा दिसल्या. पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवताच सावलीतील त्या रेषा नाहीशा झाल्या. दोन बाजूंचा प्रकाश मिळूनच त्या होतात, हे सिद्ध झाले. छिद्र, आरसा, पुठ्ठा आणि अंधार. एवढ्यावर प्रकाशाचे तरंगरूप उभे राहिले. मराठवाड्यात उन्हाचा तुटवडा तर नक्कीच नाही!

दुसऱ्या प्रयोगाला १ मिलिवॅटहून कमी शक्तीचा, तसे लेबल असलेला लाल लेसर लागेल. शिक्षक समोर असल्याखेरीज तो लावू नये. त्याच्या झोतात कधीही डोळा आणू नये आणि तो कोणाच्याही तोंडावर किंवा आरशावर रोखू नये. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर डोक्याचा एक केस ताणून चिकटवा. लेसर कपड्यांच्या चिमट्याने घट्ट बसवा आणि झोत केसावर पाडा. ३ मीटरवरील भिंतीवर आडव्या ओळीत उजेडाचे ठिपके आणि त्यांमध्ये काळ्या फटी दिसतील. लागोपाठच्या दोन काळ्या फटींमधील अंतर पट्टीने मोजा. मध्यावरचा झगझगीत ठिपका सोडून एका बाजूच्या फटी मोजा. लेसरची तरंगलांबी भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणा आणि फटींमधील अंतराने भागा, आले उत्तर. तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असून फटींमधील अंतर २.८ सेंटिमीटर आले, तर तुमचा केस ७० मायक्रोमीटर जाड आहे. शाळेच्या फूटपट्टीने तुम्ही मिलिमीटरचा सुमारे चौदावा भाग मोजलात!

एवढ्यावर थांबू नका. वर्गातील चाळीस जणांनी एकच केस मोजावा आणि चाळीस उत्तरे फळ्यावर लिहावी. ती सारखी येणार नाहीत. कोणाचे चुकले म्हणून खोडू नका. सरासरी काढा, आणि ती दहा जणांच्या सरासरीहून अधिक भरवशाची का, याची चर्चा करा. सोयाबीनचे दाणे आणि दुधाळ्याचे फोटॉन एकाच नियमात बसतात, हे त्या तासाला कळेल.

अंधारात कोण बसणार?

वेधशाळा या दशकाच्या अखेरीस सिद्ध व्हावी असे उद्दिष्ट आहे. एवढे मोठे यंत्र ठरल्या वेळेच्या पुढेमागे होतेच. काही असो, आज आठवीत असलेली मुलगी पदवीधर होईल त्या सुमारास तेथे आरसे जुळवणारे, पंप सांभाळणारे, आकडे चाळणारे हात लागतील. ते सर्व हात शास्त्रज्ञांचे नसतील. फिटर, वीजतंत्री, निर्वात नळ्यांचे जाणकार, संगणक चालवणारे असे कितीतरी लागतील. जिल्ह्यातील मुलांना तेथे फक्त फाटकापर्यंतची कामे मिळाली, तर दोष वेधशाळेचा म्हणता येणार नाही. ज्यांनी वेळेवर प्रकाशाची ओळख करून दिली नाही त्या आपणा मोठ्यांचा तो दोष ठरेल.

जिल्हा परिषदेने, संस्थाचालकांनी आणि मुख्याध्यापकांनी म्हणून एवढेच करावे : शाळेची एक खोली निवडावी, तिच्या खिडक्यांना काळा पुठ्ठा लावावा, एका खिडकीत पैशाएवढे भोक ठेवावे, आणि कोपऱ्यात वाळूची एक पेटी मांडावी. शाळांनी आपली मोजमापे वर्षाअखेरीस एकमेकींना कळवावी. सेनगावच्या शाळेतील केस आणि वसमतच्या शाळेतील केस यांची तुलना होऊ द्या. जिल्हा विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या रंगीत प्रतिकृतीशेजारी आकड्यांनी भरलेली एक वही मांडली जाऊ द्या, आणि परीक्षकांनी ती उघडून वाचावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मोठ्यांची वाट पाहत बसू नका. या सुटीत घरातील एक खिडकी झाका, उन्हाची एक शलाका आत घ्या आणि पुठ्ठ्याची बारीक पट्टी तिच्यात धरा. पहिल्या दिवशी काही दिसले नाही तर पट्टी आणखी अरुंद करा, छिद्र आणखी लहान करा, पडदा आणखी दूर न्या. काय केले आणि काय दिसले, ते तारखेसह वहीत लिहा. ती वही तुमच्या शिक्षकांना दाखवा, आणि शाळेतील कोणती खोली अंधारी करता येईल, हे त्यांना विचारा.